निवडणुकीच्या प्रचारपत्रांतील ख्रिस्ती श्रद्धा : एक साधनपरीक्षण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत निवडणुकीच्या जाहिरातींतून उमेदवाराच्या ख्रिस्ती श्रद्धेचा जो उपयोग केला जातो, त्यावर अलीकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे. बहुतेक लेखक धर्म आणि राजकारण यांची सांगड असावी कीं नसावी, एवढ्याच वादांत गुंतून पडतात. त्या वादांत शिरण्याचें आम्हांस प्रयोजन दिसत नाहीं. जुने कागद वाचणारास प्रथम सुचणारा प्रश्न निराळा आहे. कागदावरचें वाक्य कोणाचें, आणि त्याची जबाबदारी कोणाच्या माथीं? या प्रश्नाच्या उजेडांत हें साहित्य पाहिलें असतां, श्रद्धेच्या उघड उल्लेखापेक्षां धनी नसलेली सूचनाच अधिक घातक ठरते, असें आमचें मत झालें आहे.

प्रकार जुनाच आहे. १८०० सालीं फिलाडेल्फियाच्या ‘गॅझेट ऑफ दि युनायटेड स्टेट्स’ या फेडरलिस्ट पक्षाच्या पत्रानें मतदारांपुढें असा सवाल टाकिला कीं, ईश्वर व धार्मिक अध्यक्ष पाहिजे, कीं जेफर्सन व निरीश्वरता पाहिजे? भाषा रांगडी, पण उघडी. जेफर्सन निवडून आला. अधिकारपदास धर्माची अट लावूं नये, असें त्या देशाच्या राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदांत आहे. परंतु ती मनाई सरकारास. मतदाराच्या मनास ती कशी लागू पडणार?

संग्राहकाच्या दृष्टीनें या साहित्यांतील रत्न म्हणजे अब्राहम लिंकन याचें ३१ जुलै १८४६ चें हस्तपत्रक होय. लिंकन त्या वेळीं इलिनॉय संस्थानच्या सातव्या मतदारसंघांतून व्हिग पक्षातर्फे काँग्रेससाठीं उभा होता. प्रतिस्पर्धी पीटर कार्टराइट हा मेथडिस्ट पंथाचा नामांकित फिरता उपदेशक. लिंकन हा ख्रिस्ती धर्माची उघड टवाळी करणारा आहे, अशी कुजबूज गांवोगांव चालू झाली, तेव्हां लिंकननें स्वतःच्या सहीनें हें पत्रक काढिलें.

पत्रकांत तो म्हणतो कीं, आपण कोणत्याहि ख्रिस्ती मंडळीचे सभासद नाहीं हें खरें; पण पवित्र ग्रंथाची सत्यता आपण कधीं नाकारिली नाहीं, आणि धर्माविषयीं किंवा कोणत्याहि पंथाविषयीं बुद्ध्या अनादरानें बोललों नाहीं. तरुणपणीं आपला नियतिवादाकडे कल होता, एकदोघांपाशीं त्याचें समर्थनहि केलें होतें; पण पांच वर्षांहून अधिक काळ तो वाद सोडून दिला आहे, असें तो आपण होऊन सांगतो. शिवाय हेंच मत कित्येक ख्रिस्ती पंथांसहि मान्य असल्याची पुस्ती जोडतो.

तात्पर्यनिर्णयास उपक्रम व उपसंहार पाहावे, असें मीमांसक सांगतात. या पत्रकाचा उपक्रम आरोपाचा आहे, आणि उपसंहार खोटा आरोप पसरविणारांस दोष देण्याचा. मध्यें ‘नाकारिलें नाहीं’, ‘अनादर केला नाहीं’ अशीं नकारार्थी विधानें आहेत. ‘माझी अमुक श्रद्धा आहे’ असें विधायक वाक्य एकहि नाहीं. तेव्हां हें पत्रक लिंकनच्या श्रद्धेचा पुरावा म्हणून पुढें करणारे व नास्तिक्याचा पुरावा म्हणून पुढें करणारे, दोघेहि कागदावर नसलेलें वाचतात. कागद एवढेंच सांगतो कीं, त्यानें शेजाऱ्यांच्या भावनांचा अपमान केला नव्हता.

एक गोष्ट मात्र आम्हांस खटकते. धर्माचा उघड शत्रु व टवाळखोर अशा माणसास आपणहि पाठिंबा देऊं शकणार नाहीं, असें लिंकन याच पत्रकांत लिहितो. म्हणजे मतदाराच्या मनांतील धर्माची कसोटी त्यानें मान्यच केली व आपण तीस उतरतों एवढेंच म्हटलें. तरी पण त्यानें जें म्हटलें तें सहीनिशीं म्हटलें; कार्टराइटच्या पक्षाची कुजबूज कोणाच्याच सहीची नव्हती.

या पत्रकास पूरक असें लिंकनचें ११ ऑगस्ट १८४६ चें पत्र उपलब्ध आहे. लेकन येथील ‘इलिनॉय गॅझेट’चा संपादक ॲलन फोर्ड यास तें लिहिलें असून सोबत पत्रकाची प्रत धाडिली आहे. दहांपैकीं नऊ जणांनीं हा आरोप ऐकिलाहि नसेल, म्हणून जाहीर उत्तर अनावश्यक वाटे, आणि अगदीं गप्प राहणेंहि सुरक्षित नव्हतें. यास्तव जेथें कुजबूज पोंचली होती त्या वस्त्यांपुरतेंच पत्रक धाडलें, असें तो सांगतो. प्रतिपक्षानें निवडक जागीं गुपचूप बीं पेरलें, असाहि त्याचा आक्षेप आहे. पत्रकाच्या प्रतीवरून तें कोठें कोठें वांटलें गेलें हें कळलें नसतें. तें या पत्रानेंच कळतें. निवडणूक लिंकननें ६,३४० विरुद्ध ४,८२९ मतांनीं जिंकिली.

आतां एकदम आमच्या काळाकडे येतों. कारण चलच्चित्राच्या जाहिरातींत सूचनेची कला पूर्णत्वास गेलेली दिसते. २००७ सालीं अध्यक्षपदासाठीं रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी मागणारे माइक हकबी हे बाप्टिस्ट पंथाचे दीक्षित धर्मोपदेशक होते. त्यांच्या एका जाहिरातींत पडद्यावर ‘ख्रिस्ती पुढारी’ अशीं अक्षरें झळकलीं. वाच्यार्थ निर्विवाद आहे. परंतु मम्मटानें काव्यप्रकाशांत व्यंजनेचीं जीं निमित्तें गणिलीं आहेत, त्यांत वक्ता, श्रोता, देश, काल यांबरोबर ‘अन्यसन्निधि’ म्हणजे दुसऱ्या कोणाची उपस्थिति हेंहि एक आहे. येथें तो दुसरा कोण? प्रतिस्पर्धी मिट रॉम्नी हे मॉर्मन पंथाचे. आणि मॉर्मन हे ख्रिस्तीच नव्हत असें मानणारा मोठा वर्ग आयोवा संस्थानच्या त्या पक्षांत होता. ‘मी ख्रिस्ती’ या वाक्याचा ‘तो नव्हे’ असा ध्वनि तेथें न बोलतां निघाला.

त्याच वर्षाच्या नाताळांतील हकबींची जाहिरात अधिक गाजली. लाल स्वेटर घालून ते ख्रिस्तजन्माच्या शुभेच्छा देतात, आणि कॅमेरा हळूहळू सरकतां सरकतां त्यांच्या पाठीमागें पांढरा उजळ क्रूस उमटल्यासारखा दिसतो. आक्षेप निघतांच, तें पुस्तकांचें कपाट आहे, असें हसत उत्तर मिळालें. कपाट तें होतेंच! पण जें नाकारण्याची सोय आधींच ठेविली आहे, तें सहेतुक होतें कीं सहज, याचा निर्णय कोणत्याहि प्रतीवरून होणें नाहीं. ३ जानेवारी २००८ रोजीं आयोवांत ते पहिले आले.

याहून गंभीर प्रकरण २००८ च्या ऑक्टोबरांतील आहे. नॉर्थ कॅरोलायनांतून सेनेटसाठीं एलिझाबेथ डोल यांच्याविरुद्ध के हॅगन उभ्या होत्या. ‘गॉडलेस अमेरिकन्स’ या निरीश्वरवादी गटाशीं संबंधित व्यक्तीच्या बोस्टन येथील घरीं झालेल्या निधिसंकलनाच्या समारंभास हॅगनबाई गेल्या होत्या. या धाग्यावर डोलपक्षानें अर्ध्या मिनिटाची जाहिरात काढिली. शेवटीं पडद्यावर हॅगनबाईंचें छायाचित्र येतें, आणि एक स्त्रीस्वर ‘ईश्वर नाहीं’ असें उच्चारतो. तो स्वर हॅगनबाईंचा नव्हे. जाहिरातींत तो त्यांचा आहे असें कोठें म्हटलेलें नाहीं, आणि नाहीं असेंहि म्हटलेलें नाहीं.

पोथ्या चाळणारांस हा प्रकार परिचित आहे. कर्त्याच्या नांवाखालीं, त्याच्या ग्रंथाच्या शेवटीं, दुसऱ्याचें वाक्य घालणें यास आपण प्रक्षेप म्हणतों. हा प्रक्षेप न घडावा म्हणून आपल्याकडील राजपत्रांच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ ही मोर्तबाची मुद्रा उठवीत. तिच्यापुढें कोणास कांहीं वाढवितां येत नसे. अमेरिकेंतहि २००२ च्या कायद्यानें उमेदवारानें ‘हा संदेश मला मान्य आहे’ असें स्वमुखें सांगणें आवश्यक केलें आहे, आणि डोलबाईंची तशी संमति या जाहिरातींत आहे. पण ही मुद्रा जाहिरात कोणाची तें सांगते. आंतील वाक्य कोणाच्या तोंडचें, हें ती सांगत नाहीं. मुद्रा खरी आणि मजकूर प्रक्षिप्त, असा हा विलक्षण दस्तऐवज आहे. हॅगनबाई प्रेस्बिटेरियन चर्चच्या ‘एल्डर’ असून त्यांनीं रविवारच्या धर्मशाळेंत शिकविलेलें होतें. त्यांनीं अब्रूनुकसानीचा दावा लाविला, आपल्या श्रद्धेचें निवेदन करणारी उलट जाहिरात दिली, आणि साडेतीन लाखांहून अधिक मतांनीं निवडून आल्या. दावा पुढें मागें घेतला गेला. आम्हांस लाज वाटते ती या गोष्टीची कीं, न उच्चारिलेलें वाक्य आपलें नव्हे हें सिद्ध करण्यासाठीं एका स्त्रीस देवघरांतली गोष्ट चव्हाट्यावर सांगावी लागली.

दोष चलच्चित्राचा मानूं नये. १२ सप्टेंबर १९६० रोजीं ह्यूस्टन येथें प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांच्या सभेंत जॉन केनेडी यांनीं आपण कॅथलिक पक्षाचे नव्हे, तर डेमॉक्रॅटिक पक्षाचे उमेदवार असून योगायोगानें कॅथलिक आहों, असें सांगितलें आणि विरोधकांच्या प्रश्नांस समक्ष उत्तरें दिलीं. तें चित्रण त्यांच्या प्रचारकांनीं अनेक संस्थानांत दूरचित्रवाणीवरून दाखविलें. तीहि श्रद्धेची जाहिरातच. परंतु तेथें प्रश्नकर्ता दिसतो, उत्तर देणारा दिसतो.

आपल्याकडे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचें कलम १२३(३) धर्माच्या नांवें मत मागणें हा भ्रष्टाचार ठरवितें. तेथील ‘त्याच्या धर्माच्या’ या शब्दांतील सर्वनाम उमेदवाराकडेच जातें कीं मतदाराकडेहि, यावर सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकींतून निघालेल्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें २ जानेवारी २०१७ रोजीं चार विरुद्ध तीन मतांनीं निकाल दिला कीं, मतदाराकडेहि जातें. व्याकरणाच्या तासास मुलांस घालावा असा प्रश्न सात न्यायाधीशांपुढें गेला, याचें आम्हांस कौतुक वाटतें. अमेरिकेंत असें कलम नाहीं. तेथें भाषणस्वातंत्र्याची व्याप्ति पाहतां तें होण्याचा संभवहि दिसत नाहीं. तेथें उपाय एकच, तो म्हणजे परीक्षण.

परीक्षणास मूळ प्रति लागतात, आणि अडचण येथेंच आहे. २०१८ पासून फेसबुक कंपनीनें राजकीय जाहिरातींचा संग्रह खुला केला. कोणत्या प्रदेशांत किती खर्चून जाहिरात दाखविली, याचा अंदाज त्यांत मिळतो. ‘निवडक जागीं बीं पेरलें’ हें लिंकनास पत्र लिहून सांगावें लागलें, तें येथें तक्त्यांत मिळतें. परंतु प्रत्येक जाहिरात सात वर्षेंच ठेवण्याचा तेथें नियम आहे. १८४६ चें पत्रक मात्र पावणेदोनशें वर्षांनंतरहि वाचतां येतें. ज्या संग्राहकांस या साहित्याची गोडी असेल त्यांनीं प्रत अखंड ठेवावी. दिनांक, प्रदेश व खर्च यांची नोंद सोबत ठेवावी, आणि ध्वनीवेगळें चित्र तर कधींच ठेवूं नये. डोलबाईंच्या जाहिरातीची शेवटचे चार क्षण कापलेली प्रत उद्यां कोणाच्या हातीं आली, तर हॅगनबाईंनीं दावा कशासाठीं लाविला होता, याचा त्यास उलगडा व्हावयाचा नाहीं.