ऋणनिर्देश: कुणाचा आणि कुठे?

विद्यापीठाला सादर होणाऱ्या प्रबंधात दुसऱ्याच्या श्रमाची नोंद करण्याच्या दोन जागा असतात: एक तळटीप आणि दुसरे ऋणनिर्देशाचे पान. छापील ग्रंथाचा लेखक तळटीपेत बसतो. त्याच्या नावाला पृष्ठक्रमांकाचे बळ मिळते. मात्र ज्या म्हातारीने सत्याग्रहाची हकीकत सांगितली, ज्या कार्यकर्त्याने जुन्या अंकांची ट्रंक उघडून दिली, त्यांची बोळवण ‘अनेकांचे सहकार्य लाभले’ एवढ्या एका ओळीत होते. ग्रंथकार ज्ञाता ठरतो, सांगणारा केवळ माहितगार. ही विभागणी निरागस नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेवले, त्यांच्याजवळ छापील पुरावा कुठून असणार? आणि तो नाही म्हणून त्यांचे नावही नाही, असा हा दुहेरी अन्याय आहे.

या संदर्भात बाबासाहेबांची रीत पाहावी. 1916 साली कोलंबिया विद्यापीठात त्यांनी जातिसंस्थेवरील निबंध वाचला. त्यात सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर यांच्या व्याख्या त्यांनी नावानिशी मांडल्या, तपासल्या आणि त्यांतील उणिवा दाखवल्या. केतकरांचे वेगळेपण कशात आहे, हेही मोकळेपणाने सांगितले. रुपयाच्या प्रश्नावरील 1923 च्या ग्रंथात, गुरू एडविन कॅनन यांच्या कठोर परीक्षणामुळे आपल्या अनेक चुका टळल्या असे नमूद करून मतांची जबाबदारी मात्र त्यांनी स्वतःकडे घेतली. कॅनन यांनीही त्याच ग्रंथाला प्रास्ताविक लिहिताना आपले मतभेद झाकले नाहीत. ऋण मान्य करणे म्हणजे मान तुकवणे नव्हे, हे यातून शिकावे.

परंतु प्रस्थापितांकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’साठी बाबासाहेबांनी 1956 मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत पत्नी डॉ. सविता आंबेडकर आणि डॉ. मालवणकर यांच्या वैद्यकीय कौशल्यामुळेच हे काम पुरे होऊ शकले, अशी कृतज्ञता आहे. मुद्रिते तपासणाऱ्या म. भि. चिटणीसांचेही आभार आहेत. त्यांच्या निधनानंतर 1957 मध्ये ग्रंथ निघाला, तेव्हा ही प्रस्तावना त्यात नव्हती. भगवान दास यांनी ती 1980 मध्ये प्रसिद्ध केली. मधल्या काळात चळवळीतला मोठा वर्ग माईसाहेबांकडे संशयाने पाहत राहिला. खुद्द बाबासाहेबांनी नोंदवलेले ऋण वाचकापर्यंत पोहोचत नाही, तेव्हा एका माणसाची किती हानी होते, याचा विचार आपण कधी केला आहे काय?

काही मित्र म्हणतात, चळवळीचे ज्ञान सामुदायिक आहे. त्यावर नावे कशाला? युक्तिवाद वरवर उदात्त आहे. पण ते ज्ञान प्रबंधात शिरले की त्यावर एकच नाव उरते: संशोधकाचे. पदवी त्याची, नोकरी त्याची. सामुदायिकतेच्या नावाखाली समूहाची ठेव एकाच्या खात्यावर जमा होते. गाणे जलशाचे म्हणून छापायचे आणि ते रचणाऱ्या शाहिराची चौकशीही करायची नाही, हा त्यातलाच प्रकार.

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ (1989) या ग्रंथात आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना भेटून त्यांचा वृत्तांत त्यांच्या नावांसह मांडला. सांगणारी बाई तिथे इतिहासाची कर्ती म्हणून उभी राहते. हे उदाहरण आपल्यासमोर असताना सबबी सांगता येणार नाहीत.

तेव्हा विद्यार्थ्यांनी मुलाखत घेतली तर सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख तळटीपेतच द्यावी. नाव उघड झाल्याने त्याला त्रास होणार असेल, तर तसे लिहून नाव राखून ठेवावे. पण तो निर्णय सांगणाऱ्याचा असावा. मार्गदर्शक प्राध्यापकांनीही छापील आधारांइतक्याच काटेकोरपणे हे तपासावे. आणि प्रबंध पुरा झाला की त्याची एक प्रत त्या वस्तीत पोहोचवावी. आपले म्हणणे नीट उतरले आहे की नाही, हे तपासण्याचा पहिला अधिकार तिथल्या माणसांचा आहे.