शाळेची साक्ष

मुलांनीं वर्षानुवर्षें शाळेंत बसून दाखले व पदव्या मिळविण्यांत आतां कांहीं हंशील उरलें आहे काय, असा प्रश्न अलीकडे सुशिक्षित घरांतून वारंवार कानीं येतो. प्रश्न विचारणारे गृहस्थ बहुधा स्वतः पदवीधर असतात. पाठीमागें पुस्तकांचें कपाट असतें, आणि त्यांचा मुलगा आंतल्या खोलींत संगणकापुढें बसून एखादी नवी विद्या आपली आपणच शिकत असतो. मग महाविद्यालय अर्धवट सोडून कोट्यधीश झालेल्या दोघां-तिघां अमेरिकन उद्योगपतींचीं नांवें निघतात. आणि दाखला आपल्याकडचाच हवा असेल तर बहिणाबाई चौधरींचें नांव निघतें. ती माउली कोणत्या शाळेंत गेली होती? एवढें विचारलें म्हणजे वाद संपला, अशी समजूत आहे. आमच्या मतें वाद तेथें सुरू व्हावयास पाहिजे.

अमेरिकन उद्योगपतींविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. बिल गेट्स व मार्क झुकरबर्ग यांनीं शिक्षण सोडलें तें हार्वर्डमध्यें प्रवेश मिळविल्यानंतर. जेथें पाऊल ठेवावयास मिळणें हीच एक पदवी, तेथून बाहेर पडलेल्या माणसाची साक्ष शाळेविरुद्ध काढणें म्हणजे पोटभर जेवून उठलेल्याला उपासाचा पुरस्कर्ता ठरविण्यासारखें आहे.

बहिणाबाईंची गोष्ट मात्र नीट पाहण्यासारखी आहे. त्यांस (१८८०–१९५१) अक्षरओळख नव्हती हें खरें, आणि त्यांच्या प्रतिभेस कोणत्याही शाळेचें ऋण नाहीं हेंही खरें. परंतु घरांत व शेतांत राबतां राबतां रचलेलीं त्यांचीं गाणीं तुम्हांआम्हांपर्यंत पोहोंचलीं कशीं? त्यांचे चिरंजीव सोपानदेव व घरांतील एक आप्त यांनीं तीं वेळोवेळीं कागदावर उतरून घेतलीं म्हणून. सोपानदेव शाळेंत शिकलेले, स्वतः कवि. त्यांनीं तीं आचार्य अत्र्यांच्या नजरेस आणलीं, आणि आईच्या मृत्यूनंतर, १९५२ सालीं, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह तीं पुस्तकरूपानें निघालीं. म्हणजे प्रतिभा निरक्षर आईची, पण ती टिकली शाळेंत गेलेल्या मुलाच्या हातीं. ज्यांच्या घरीं असा मुलगा नव्हता, अशा किती बाया जात्यावर गाऊन गेल्या याची मोजदाद कोणीं केली आहे? शाळेविरुद्ध म्हणून जो साक्षीदार पुढें करण्यांत येतो, तो उलटतपासणींत शाळेच्याच बाजूनें बोलूं लागतो.

लक्ष्मीबाई टिळकांचेंही तसेंच. ‘स्मृतिचित्रें’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई शाळेंत शिकलेल्या नव्हत्या. पण त्यांस लिहावाचावयास शिकविणारे पतिराज म्हणजे रेव्हरंड टिळक! असा मास्तर घरांत असल्यावर शाळेची उणीव कशी भासावी? सर्वांच्याच घरीं तो नसतो, एवढेंच.

ज्यांच्या घरीं तो नव्हता, त्यांचीं आत्मचरित्रें वाचावीं. अण्णासाहेब कर्वे यांच्या ‘आत्मवृत्ता’ंत (१९१५) कोंकणांतील मुरुडाहून साताऱ्यापर्यंत शंभराहून अधिक मैल पायीं जाण्याचा प्रसंग आहे. कशासाठीं, तर मराठी सहाव्या इयत्तेच्या सरकारी परीक्षेसाठीं. सह्याद्रि ओलांडून मुलगा तेथें पोहोंचला, आणि वय सतरा वर्षांचें दिसत नाहीं म्हणून त्यास परीक्षेस बसूं दिलें नाहीं. हा प्रसंग बहुतेक वाचक चिकाटीचा धडा म्हणून वाचतात. आम्हांस त्यांत दुसरेंही कांहीं दिसतें. मुलाजवळ विद्या होती. नव्हता तो कागद, आणि तो देणें न देणें एका अनोळखी अंमलदाराच्या हातीं होतें. पुढें याच गृहस्थानें १९१६ सालीं स्त्रियांसाठीं विद्यापीठ काढलें. त्यास कायद्याची मान्यता मिळावयास १९५१ साल उजाडलें. पस्तीस वर्षें हें विद्यापीठ सरकारी शिक्क्यावांचून शिकवीत राहिलें; पण त्यानें परीक्षा घेण्याचें व पदवी देण्याचें सोडलें नाहीं. शिकविणें आणि शिकल्याची ग्वाही देणें या दोन्ही गोष्टी लागतात, हें साताऱ्याहून विन्मुख परतलेल्या माणसास कोणी सांगावयास नको होतें.

मात्र या विषयावर आम्हांस सर्वांत अधिक शिकविलें तें आनंद यादवांच्या ‘झोंबी’नें (१९८७). पुस्तक पसरट आहे. दारिद्र्याचे तेच ते तपशील फिरून फिरून येतात, आणि कोठें कोठें लेखकास आपल्याच दुःखाचा मोह पडला आहे असें वाटतें. तरीही मराठींत शाळेविषयीं याहून महत्त्वाचें पुस्तक आम्हांस ठाऊक नाहीं. गांव कागल. ज्या कोल्हापूर संस्थानांत शाहू महाराजांनीं १९१७ सालीं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, त्याच मुलखांतील हा मुलगा पांचवींतून काढून शेतावर जुंपला जातो. आई व मुलगा मिळून दत्ताजीराव देसायांकडे जातात, आणि त्यांच्या शब्दाखातर बाप नाइलाजानें कबूल होतो. पण अटी घालून. सकाळीं अकरापर्यंत पिकाला पाणी पाजावयाचें, शेतावरूनच शाळेंत जावयाचें, सुटल्यावर गुरें चारावयाचीं, आणि काम निघेल त्या दिवशीं शाळा बुडवावयाची.

बरोबरीचीं मुलें पुढें निघून गेलेलीं; हा वयानें लहान, अनोळखी मुलांत बसतो. येथवर ही गोष्ट कष्टाळू मुलाची आहे, आणि अशा गोष्टी पुष्कळ आहेत. तिचें सोनें होतें तें मराठी शिकविणाऱ्या सौंदलगेकर मास्तरांपाशीं. हे मास्तर कविता गाऊन शिकवीत, स्वतःही रचीत. त्यांच्या दारांत मालतीचा वेल होता, आणि त्या वेलावर त्यांनीं कविता केली होती. मुलानें कविता ऐकली होती आणि वेलही पाहिला होता. आपल्या डोळ्यांसमोरची वस्तु कवितेंत येऊं शकते, कवि हा आपल्यासारखाच हाडामांसाचा माणूस असतो, हें त्यास त्या दिवशीं कळलें. मग तो गुरांमागें फिरतां फिरतां जुळवाजुळव करूं लागला. जवळ कागद नसला म्हणजे म्हशीच्या पाठीवर काडीनें, नाहीं तर शिळेवर खड्यानें ओळी लिहावयाच्या, आणि पाठ झाल्या कीं पुसून टाकावयाच्या! पूर्वी एकट्यानें पाणी पाजणें त्याच्या जिवावर येत असे. आतां कोणी सोबतीला नसेल तर बरें, मोठ्यानें म्हणतां येईल, असें त्यास वाटूं लागलें.

हा लाभ कोणत्या खात्यावर मांडावा? शाळा सोडावी म्हणणारे विचारतात, पदवीनें पगार किती वाढतो? शाळा हवी म्हणणारेही तोच हिशेब उलट बाजूनें मांडतात. यादव पुढें पुणें विद्यापीठांत मराठीचे प्राध्यापक झाले, ‘झोंबी’स साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें, हें आपणांस ठाऊक असल्यामुळें पुस्तक यशाची कहाणी म्हणून वाचण्याचा मोह होतो. परंतु ज्या मुलाची शेतावरची सकाळ पालटली, तो उद्यां प्राध्यापक न होतां कागलांतच राहिला असता तरी ती सकाळ पालटलेलीच राहिली असती. संगणकावर हें मिळत नाहीं काय? कविता मिळेल, चालही मिळेल. मास्तरांच्या दारांतला वेल मिळणार नाहीं. आणि वहींतली ओळ वाचून, ही चांगली साधली, असें त्या विशिष्ट मुलास सांगणारें कोणी मिळेल, याचा आम्हांस भरंवसा नाहीं.

शाळेनें सर्व कांहीं दिलेंच, असा मात्र आमचा पक्ष नाहीं. दया पवारांचें ‘बलुतं’ (१९७८) ज्यांनीं वाचलें आहे त्यांस तो घेतांच यावयाचा नाहीं. त्या पुस्तकाची मांडणीच सांगून जाते: दगडू मारुती पवार हा दया पवार ह्यास आपली कहाणी सांगतो. शिकलेला आणि मागें राहिलेला, अशीं एकाच माणसाचीं दोन शकलें झालीं आहेत. शाळेनें नोकरी दिली, आणि आपल्या माणसांत निःशंकपणें बसण्याचें सुख काढून घेतलें. ही किंमत मध्यम वर्गाच्या मुलास कधींच द्यावी लागत नाहीं. त्याच्या घरची भाषा आणि शाळेची भाषा एकच असते. आणि गंमत अशी कीं, ज्यानें ही किंमत मोजली, त्यानेंही शाळा नको होती असें म्हटलेलें नाहीं.

राहिला बेकारीचा आक्षेप. सरकारी श्रमबल पाहण्यांत सुशिक्षितांतील बेकारीचें प्रमाण निरक्षरांतील प्रमाणापेक्षां जास्त दिसतें, आणि हा आंकडा शाळेविरुद्ध मोठ्या उत्साहानें फेंकण्यांत येतो. आंकडा खोटा नाहीं. पण निरक्षर मजुराला बेकार राहणें परवडत नाहीं; संध्याकाळची चूल पेटावयाची तर मिळेल तें काम मिळेल त्या दरानें त्याला धरावेंच लागतें. मनाजोग्या नोकरीची वाट पाहत बसणें हीसुद्धां एक ऐपत आहे. पदवीधर तरुणांची निराशा खरी आहे, आणि तिचा जाब त्यांस निकृष्ट शिक्षण विकणाऱ्या संस्थांस अवश्य विचारावा. पण त्यावरून खालच्यांनीं जिना चढूं नये असा निष्कर्ष वरच्या मजल्यावरून काढणें बरें नव्हे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, शाळा ही जशी शिकविते तशी साक्षही देते. ज्याच्यामागें बापाचें नांव, ओळखीपाळखी आणि पुस्तकांचें कपाट आहे, त्याला साक्षीदार पुष्कळ असतात. एक कमी झाला तर चालतें. ज्याला कोणीच नाहीं त्याच्यासाठीं जगापुढें उभें राहून, हा अमुक, याचा जन्म अमुक दिवशींचा, यानें अमुक इतकें शिकून पुरें केलें, असें सांगणारी एक शाळाच असते. शाळा सोडल्याचा दाखला ज्यांनीं कधीं हरवला आहे, आणि त्यावांचून जातीच्या प्रमाणपत्रासाठीं कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजविल्या आहेत, त्यांस हें फोड करून सांगावयास नको.

हा लेख लिहावयास घेतला त्याच आठवड्यांत आमच्या घरीं धुणेंभांडीं करणाऱ्या बाई मुलीची दहावीची गुणपत्रिका घेऊन आल्या. गुण किती पडले तें त्यांस पाठच होतें. “नांव बरोबर हाय का तेवढं बघा,” म्हणाल्या. मुलीचें नांव बरोबर होतें. आईचें नांव छापतात त्या जागीं एक अक्षर चुकलें होतें. असूं द्या, एवढ्यानें कांहीं अडणार नाहीं, असें आम्ही म्हणालों. त्यांनीं पिशवींतून आधारकार्ड काढून शेजारीं ठेवलें, दोन्ही कागदांवरील अक्षरें बोटानें जुळवून दाखवावयास लाविलीं, आणि दुरुस्ती कोठें होते असें विचारलें. शाळेमार्फत मंडळाकडे अर्ज करावा लागतो, हेडमास्तरांस भेटा, असें सांगितल्यावर त्यांनीं कागदाची घडी न मोडतां तो पुन्हां प्लॅस्टिकच्या पिशवींत ठेवला, आणि उद्यां कामावर यावयास उशीर होईल, असें सांगून त्या गेल्या.