मोजलेली उंची आणि बुजवलेली उंची

उड्डाण संपल्यावर विमान जमिनीपासून किती उंचीवर होते, हे तपासणारे संगणक-प्रोग्राम आता सहज मिळतात. विमानातील जीपीएस यंत्राने नोंदलेल्या उंचीतून ते खालच्या जमिनीची उंची वजा करतात. वजाबाकी सोपीच आहे. पण जमिनीची उंची येते कोठून, आणि प्रोग्राममध्ये बसवताना तिचे काय होते? आमचा आक्षेप आहे तो येथे.

लातूरहून छत्रपती संभाजीनगरकडे नकाशावर सरळ रेषा ओढा. ती बीड जिल्ह्यातून जाते. धारूरजवळ बालाघाटची कड उतरते आणि वडवणीच्या बाजूने गोदावरीच्या खोऱ्यात शिरते. या रेषेखालच्या जमिनीसाठी बहुधा वापरली जाते ती फेब्रुवारी २००० मध्ये 'एंडेव्हर' अंतराळयानाने रडारच्या साहाय्याने ११ दिवसांत गोळा केलेली माहिती. ती एकेका अंशाच्या चौकोनांत वाटलेली असते आणि प्रत्येक फाइलचे नाव चौकोनाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावरून पडते. बीड जिल्ह्याला असे ६ चौकोन लागतात. आपली रेषा १८ अंश उत्तर, ७६ अंश पूर्व या चौकोनातून निघून १९-७५ मध्ये जाते. मध्ये जेमतेम काही किलोमीटर ती १९-७६ मध्ये असते. तेवढ्यासाठी आणखी एक फाइल कोण बसवणार? मग काही प्रोग्राम तेथे निमूटपणे उंची शून्य धरतात. वडवणीला समुद्र!

दुसरी गंमत बाइटांची. प्रत्येक उंची दोन बाइटांत लिहिलेली असते, मोठ्या किमतीचा बाइट आधी. बीड शहराची उंची सुमारे ५१५ मीटर, म्हणजे २ × २५६ + ३. प्रोग्रामने बाइट उलटे वाचले तर ३ × २५६ + २, म्हणजे ७७० मीटर. शेजारचे ५१६ होते १०२६, आणि ५१२ चे उरतात फक्त २! आठवीच्या वर्गातही करून पाहता येईल. ही चूक आम्हाला त्या मानाने सज्जन वाटते, कारण ती पडद्यावर पाहताक्षणी दिसते.

न दिसणाऱ्या चुका अधिक वाईट. माजलगाव धरणासारख्या शांत जलाशयावर पडलेल्या रडारलहरी दुसरीकडेच परावर्तित होतात, यानाकडे क्वचितच परततात. तीव्र उताराच्या आड तर त्या पोचतच नाहीत. मूळ माहितीत अशा जागी उणे ३२७६८ हा आकडा घातलेला असतो. त्याचा अर्थ एवढाच, की येथे मोजमाप झालेले नाही. माहितीची 'सफाई' म्हणजे मुख्यतः ही भोके बुजवणे. भोवतालच्या उंच्यांवरून अंदाजाने आकडा भरतात. जलाशयावर हे चालते, कारण पाणी सपाटच असते. पण धारूरसारख्या कड्यावर सरासरीने नेमकी धारच बोथट होते, आणि विमानाला धोका असतो तो त्या धारेचाच.

कोणी दुसऱ्या उपग्रहाची माहिती ठिगळासारखी लावतात. आपल्या कार्टोसॅट-१ ने (प्रक्षेपण २००५) दोन कॅमेऱ्यांनी घेतलेल्या चित्रांवरून इस्रोने उंच्या काढल्या आहेत. काम उत्तम आहे. मात्र त्या उंच्या पृथ्वीच्या आदर्श गणिती लंबगोलापासून मोजलेल्या आहेत, तर रडारच्या माहितीतील उंच्या समुद्रसपाटीपासून. बीडच्या परिसरात समुद्रसपाटीचे काल्पनिक पृष्ठ त्या लंबगोलाच्या सुमारे ७० मीटर खाली आहे. म्हणजे एकाच जागेची उंची एकीकडे ५१५, तर दुसरीकडे ४४५. दुरुस्ती न करता ठिगळ लावले की तेथे ७० मीटरचा खड्डा पडतो, आणि त्यावरून जाणारे विमान कागदोपत्री ७० मीटर अधिक सुरक्षित ठरते.

एवढे करूनही बुजवलेला आकडा मोजलेल्या आकड्यासारखाच दिसतो, हे आम्हाला सर्वांत खटकते. नासाने या माहितीच्या तिसऱ्या आवृत्तीसोबत, कोणत्या बिंदूची उंची कोठून आली हे सांगणारी वेगळी फाइल दिली आहे. आमच्या पाहण्यातील बहुतेक प्रोग्राम ती उघडतही नाहीत. भरलेले बिंदू वेगळ्या रंगात दाखवणे काही अवघड नाही. पण मग नकाशा तितका देखणा राहत नाही ना!

तोवर तपासणी आपणच करावी. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशावर समोच्च रेषा साधारणतः २० मीटरच्या अंतराने असतात. धारूरच्या कडेवरील दहा बिंदू घेऊन पडद्यावरच्या आकड्यांशी ताडून पाहायला एक तासिका पुरते.