एकाकीपणाचे दोन घाट : ‘द डिसायपल’च्या समीक्षेविषयी

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ या मराठी चित्रपटास २०२० साली व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार लाभला. त्यानंतर त्याची जी समीक्षा झाली, ती स्थूलमानाने दोन दिशांनी गेली. परदेशी समीक्षकांनी कथनातील संयमाची वाखाणणी केली. आपल्याकडे हिंदुस्थानी संगीताचे चित्रण कितपत यथार्थ आहे, या प्रश्नाभोवती चर्चा फिरत राहिली. दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. परंतु या दोहोंच्या मध्ये चित्रपटाचा मूळ आशय, म्हणजे नायकाचे एकाकीपण, काहीसा उपेक्षित राहिला, असे आम्हांस वाटते.

तुलनेसाठी फिनलंडचे दिग्दर्शक आकी कौरिस्माकी यांचा २००६ सालचा ‘लाइट्स इन द डस्क’ घ्यावा. बेकारी व बेघरपणा या विषयांवरील दोन चित्रपटांनंतर त्यांनी येथे एकाकीपण हा विषय हाती घेतला. हेलसिंकीतील रात्रपाळीचा पहारेकरी कोइस्तिनेन एका स्त्रीच्या मोहात सापडतो, दरोड्याचा आळ स्वतःवर घेतो, तुरुंगात जातो. पण तिचे नाव सांगत नाही. सांगाडा गुन्हेगारी कथेचा असला तरी दिग्दर्शकाला रहस्यात रस नाही. संवाद मोजके, चेहरे निर्विकार. अशा शैलीवर कोरडेपणाचा आक्षेप सहज घेता येतो. मात्र अखेरीस आइलाचा हात कोइस्तिनेनच्या हाती येतो, तेव्हा त्या एका स्पर्शाचे मोल आधीच्या सर्व मौनामुळेच वाढलेले असते.

‘द डिसायपल’मधील शरद नेरुळकर याच्या वाट्याला गुन्हा नाही की तुरुंग नाही. त्याला गुरू आहेत, आजी आहे, पुढे पत्नी व कन्याही आहे. तरीही मध्यरात्री मुंबईच्या निर्मनुष्य रस्त्यांवरून तो मोटारसायकलीने जातो, तेव्हा त्याच्या सोबतीला असतो तो कानांतील ध्वनिमुद्रित उपदेश. कोइस्तिनेनला माणसांनी फसविले. शरदला त्याच्याच आदर्शाने. म्हणूनच माईंविषयी अप्रिय गोष्टी सांगणाऱ्या जाणकाराच्या तोंडावर तो पेला रिकामा करतो, त्या क्षणी त्याचा संताप हा वस्तुतः एकुलती एक सोबत गमावण्याच्या भीतीतून आलेला असतो. शेवटी तो कुटुंबासह आगगाडीत बसलेला असताना एक भिक्षेकरी गायक गात येतो. येथे कोणी कोणाचा हात धरीत नाही. फिनिश चित्रपट एकाकीपणाचा शेवट सुचवितो. मराठी चित्रपट ते गर्दीतही उरते, असे दाखवितो. दोन्हींतील मितव्यय सारखाच, पण त्याचे प्रयोजन भिन्न आहे. केवळ ‘संयत शैली’ एवढ्या शेऱ्याने हा भेद पकडता येत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ३० एप्रिल २०२१ रोजी हा चित्रपट नेटफ्लिक्सवर आला, तेव्हा महासाथीमुळे महाराष्ट्रातील चित्रपटगृहे बंद होती. ज्या नाशिक जिल्ह्यात दादासाहेब फाळके जन्मले, त्यातील दिंडोरीसारख्या तालुक्याच्या गावी हा चित्रपट त्याच दिवशी घरात बसून पाहता येत होता, ही सोय लहान नव्हे. परंतु चित्रपटगृहातून बाहेर पडताना जो वाद रंगतो, तो त्या सोयीत नव्हता. एकाकीपणाची ही कलाकृती रसिकांनी बहुधा एकेकट्यानेच पाहिली. त्या अनुभवाची देवाणघेवाण अद्याप व्हावयाची आहे. ती घडवून आणणे हे समीक्षेचे, विशेषतः विद्यापीठीय समीक्षेचे, काम आहे.