‘दो आँखें बारह हाथ’ : भिंत पडली, पहारा राहिला

व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) आणि आटपाडीची स्वतंत्रपूर वसाहत यांची सांगड आपल्या मंडळींत इतकी पक्की बसली आहे की वसाहतीबद्दल कुणी विचारलं तर उत्तर चित्रपटातूनच मिळतं. सहा खुनी, एक देवमाणूस जेलर आणि त्याचे ते डोळे. चित्रपट म्हणून मला तो आजही आवडतो, पण पुरावा म्हणून तो दिशाभूल करतो.

आधी मूळ हकिकत. औंध हे तुकड्यातुकड्यांचं संस्थान. आटपाडी आज सांगली जिल्ह्यात, तर गुणदाळ इकडे विजापूर भागात. १९३९ मध्ये राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधींनी प्रजेला स्वराज्याची घटना दिली, आणि त्याच वाऱ्यात मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेतून कैद्यांची ही मोकळी वसाहत निघाली. फ्रीडमन पोलंडचे, पेशाने विद्युत अभियंता, नोकरीनिमित्त बंगळुरूला आलेले. (म्हणजे आमच्याच जातकुळीतले. माझा थोडा पक्षपात धरून चाला.) चित्रपटाचे लेखक ग. दि. माडगूळकर याच आटपाडी भागातले.

आता बंद कारागृहातला दिवस पाहा. पहाटे बराक उघडते, गिनती होते. अंधार पडायच्या आत शेवटची टाळाबंदी, त्यामुळे रात्रीचं जेवण उजेडीच उरकायचं. घरच्यांशी समोरासमोर बोलणं मुलाखतीपुरतं, तेही बहुधा जाळीआडून. ज्याला आपण अंडा सेल म्हणतो तिथे तर इतर कैद्यांची सोबतही तुटते. खुल्या कारागृहातही गिनती चुकत नाही, पण मधला दिवस शेतावर जातो. स्वतंत्रपुरात कैद्याला बायकामुलांसह राहता येतं. चूल स्वतःची, त्यामुळे आज भाकरीबरोबर काय करायचं हे घरात ठरतं. बाहेरच्याला ही गोष्ट किरकोळ वाटेल. वर्षानुवर्षं ताटात पडेल ते खाल्लेल्या माणसाला नाही वाटणार. सुरक्षेची पातळी मोजायची तर मी भिंतीची उंची धरणार नाही. दिवसातले किती निर्णय कैद्याच्या हाती उरतात ते मोजेन.

या मापाने चित्रपट पाहिला की गंमत होते. तिथे भिंत नाही, पण निर्णय बहुतेक सगळे जेलर आदिनाथचे. पळालेले कैदी परततात ते त्या डोळ्यांच्या धाकाने. आदिनाथ मेल्यावरही डोळे आभाळात उरतातच. म्हणजे टेहळणीचा मनोरा पाडला आणि कैद्याच्या डोक्यात बांधला! छायाचित्रण देखणं आहे, वसंत देसाईंचं संगीत तर काय सांगावं, म्हणून हे चटकन लक्षात येत नाही. अपवाद भाजीबाजाराचा. स्वस्तात भाजी विकली म्हणून व्यापाऱ्याची माणसं मारतात आणि हे खुनी हात उचलत नाहीत. तिथे क्षणभर खरं खुलं कारागृह दिसतं, कारण हात आवरणं त्यांचं त्यांनाच करावं लागतं.

मला हे एवढं का खुपतं? चित्रपटानंतर चर्चा निघाली की कुणीतरी म्हणतंच, “असा जेलर आता कुठून आणायचा?” विषय तिथेच मिटतो. पण स्वतंत्रपूर एका माणसाच्या नजरेवर चाललेलं नाही. १९४८ ला संस्थान विलीन झालं, राजेसाहेब गेले, फ्रीडमनही गेले, तरी वसाहत महाराष्ट्राच्या कारागृह विभागाकडे चालूच आहे. बंद कारागृहात शिक्षेचा काही भाग काढलेला, वर्तन चांगलं असलेला कैदी निवडायचा, त्याला जमीन, काम आणि घर द्यायचं. यात चमत्कार कुठेच नाही, म्हणून तर ते पुन्हा करता येतं. चित्रपटाने नेमकं हेच झाकलं.

आणखी एक. चित्रपट पाहून आटपाडीला निघणाऱ्या हौशी मंडळींनी ध्यानात ठेवावं, की ते स्मारक नाही, चालू कारागृह आहे. विभागाची परवानगी आधी काढा, आणि मिळाली तरी तिथल्या मुलांचे फोटो काढू नका.