निघंटूंतील पिंपळी व वऱ्हाडांतील पानपिंपरी

शंकर दाजीशास्त्री पदे यांचा ‘वनौषधिगुणादर्श’ व डॉ. वामन गणेश देसाई यांचा ‘औषधीसंग्रह’ हे ग्रंथ मराठी वाचकांवर उपकार करणारे आहेत, हें आम्ही प्रथमच सांगून टाकतों. परंतु संस्कृत निघंटूंपासून चालत आलेली एक खोड आमच्या औषधिवाङ्मयास अद्याप सुटलेली नाहीं. वनस्पति म्हटली कीं रस, वीर्य, विपाक यांचा पाढा सुरू होतो. ती पिकविणारा माणूस क्वचितच दिसतो.

पिंपळीचेंच पाहा. निघंटुकारांनीं तिला ‘मागधी’, ‘वैदेही’ म्हटलें. म्हणजे निदान तिचा मुलूख तरी नांवांत जपला. तीं नांवें आम्ही आजही गिरवितों. पण अमरावती जिल्ह्यांतील अंजनगांव सुर्जी किंवा अकोल्याकडील अकोट-तेल्हारा येथें बारी समाजानें पिढ्यान्‌पिढ्या पानमळ्यांतून जतन केलेल्या या वेलीस ‘वऱ्हाडी’ म्हणावें, असें आम्हां वऱ्हाडकरांसही सुचलें नाहीं! शेवरी-पांगाऱ्याच्या आधारानें चढणारी ती वेल, पिकण्यापूर्वींच खुडलेलीं हिरवीं कणसें, काळीं पडेपर्यंत उन्हांत चाललेलें त्यांचें वाळवण, हें सारें वर्णनास अपात्र कां ठरावें? सुंठ, मिरी, पिंपळी ही त्रिकटूची त्रयी घरोघर तोंडपाठ. पण तिसरी येते कोठून, असें आमच्याच घरीं विचारतां ‘काष्ठौषधीच्या दुकानांतून’ हें उत्तर मिळालें.

पाण्याची ओढ व तोडणीची मजुरी यांपुढें मळेकरी टेकीस आले आहेत. पुढील निघंटु लिहिणारानें एक हंगाम तेथें काढावा. कणीस खुडण्याची नेमकी वेळ कशी ओळखावी, हें तेथील वृद्धांस अद्याप विचारतां येतें.