ग्रिसेल्दाचे जुने कपडे

जोव्हान्नी बोकाचिओचे नाव निघाले की आपल्याकडील साहित्याचे प्राध्यापक गालातल्या गालात हसतात. चावट गोष्टींचा लेखक, एवढीच त्याची ओळख त्यांनी पिढ्यान् पिढ्या पुढे पोचवली. प्रस्तुत लेखकानेही विद्यार्थिदशेत ‘डेकॅमेरॉन’ हाती घेतले ते या ऐकीव कीर्तीमुळेच, हे कबूल केलेले बरे. शंभरावी गोष्ट संपली तेव्हा मात्र हसू मावळले होते.

बोकाचिओ १३१३ सालचा, बापाला लग्नाबाहेर झालेला मुलगा. बाप व्यापारी, बार्दींच्या पेढीशी संबंध असलेला. त्याने पोराला नेपल्समध्ये आधी व्यापारात आणि मग धर्मपीठाच्या कायद्यात घालून पाहिले. दोन्हीकडे त्याचे मन रमले नाही. १३४८ मध्ये प्लेगने फ्लॉरेन्स उजाड झाले आणि पुढच्या काही वर्षांत ‘डेकॅमेरॉन’ लिहून झाले. सात स्त्रिया आणि तीन तरुण शहर सोडून मळ्यातल्या वाड्यांवर जातात आणि दहा दिवस रोज दहा गोष्टी सांगतात.

या दहा जणांबरोबर सात नोकरही आहेत, हे किती समीक्षकांनी नोंदवले? ते स्वयंपाक करतात, टेबले मांडतात. गोष्ट मात्र एकही सांगत नाहीत. सहाव्या दिवशी लिचिस्का आणि तिंदारो यांचे भांडण जुंपते. लिचिस्का नवविवाहितांच्या कौमार्याविषयी फाडफाड बोलते, सगळे पोट धरून हसतात. पण ती थांबेना तेव्हा त्या दिवसाची राणी फटक्यांचा धाक घालून तिला गप्प करते. दुसऱ्या दिवशीच्या गोष्टींचा विषय ठरतो तो याच लिचिस्काच्या बोलण्यावरून. तो सुचवणारा दिओनेओ तसे उघड सांगतो. विषय मोलकरणीचा, कथा मालकांच्या! आणि प्लेगच्या वर्णनात पैसे घेऊन प्रेते वाहणारी हलकी माणसे येतात, त्यांच्याविषयी बोकाचिओच्या लेखणीत तिटकारा आहे. ज्यांनी शहर साफ ठेवले त्यांच्याविषयी तिटकारा! दुसऱ्या बाजूने, शेतात जनावरांसारखे मेलेले कुळवाडीही त्यालाच दिसले, हेही नाकारता येत नाही.

म्हणजे बोकाचिओ आपला नव्हे. पण त्याच्या हातून जे लिहिले गेले ते त्याच्या वर्गाला पेलणारे नव्हते. चौथ्या दिवशीची गिस्मोंदा पाहा. राजा तान्क्रेदीची ही विधवा मुलगी ग्विस्कार्दो नावाच्या हलक्या कुळातल्या सेवकावर प्रेम करते. बाप जाब विचारतो तेव्हा ती रडत नाही, युक्तिवाद करते. सर्वांचे मांस एकाच मांसाचे, माणूस श्रेष्ठ ठरतो तो गुणाने, असा तिचा रोख आहे. बाप ग्विस्कार्दोचे काळीज सोन्याच्या पेल्यात घालून तिच्याकडे पाठवतो. ती त्यातच विष ओतून पिते. चौदाव्या शतकातल्या राजकन्येच्या तोंडी कुळाच्या अहंकाराला दिलेले हे उत्तर आहे.

शेवटची गोष्ट ग्रिसेल्दाची. सालुझ्झोचा सरदार ग्वाल्तिएरी एका गरीब खेडुताच्या मुलीला मागणी घालतो, सर्वांदेखत तिला विवस्त्र करून नवे कपडे चढवतो आणि घरी नेतो. पुढे तिची दोन्ही मुले मारल्याचे भासवतो, तिला एका सदऱ्यानिशी हाकलतो आणि नव्या नवरीसाठी वाडा झाडायला परत बोलावतो. ती सारे सोसते; अखेरीस ही परीक्षा होती असे तिला सांगण्यात येते. मी ही गोष्ट आईला सांगितली. अक्षरओळख नसलेल्या माझ्या आईने एकच विचारले, “अन् तिचा बाप काय करत व्हता?” बापाने तिचे जुने कपडे जपून ठेवले होते. हे लग्न टिकेल यावर त्याचा कधी विश्वासच बसला नव्हता. आई म्हणाली, “शाणा व्हता.” एवढी नेमकी समीक्षा मी कुठल्याही ग्रंथात वाचलेली नाही.

या गोष्टीच्या शेवटी दिओनेओ राजवाड्यांत डुकरे राखायच्या लायकीची माणसे असतात असे सुनावतो. १३७३ मध्ये पेट्रार्कने हीच गोष्ट लॅटिनमध्ये नेली. मूळ ग्रंथ आपण चाळलाच, तो मोठा आणि सामान्यांसाठी गद्यात लिहिलेला, असे त्याने मित्रालाच कळवले. त्याच्या लॅटिनमध्ये दिओनेओचा टोमणा नाही. ग्रिसेल्दाने नवऱ्याचे ऐकले तसे आपण देवाचे ऐकावे, असा बोध आहे. युरोपभर फिरली ती मुख्यतः ही सोवळी ग्रिसेल्दा. चॉसरचा विद्यार्थी ती पेट्रार्ककडून ऐकल्याचे सांगतो. बोकाचिओचे नाव चॉसरने कुठेच घेतलेले नाही. लोकभाषेतला विद्रोह पंडितांच्या भाषेत गेला की त्याची आज्ञाधारकता होते ती अशी.

बोकाचिओ स्वतःही डगमगला. उतारवयात तो लॅटिन ग्रंथरचनेत रमला, आपले पुस्तक घरच्या बायकांना वाचू देऊ नकोस असे त्याने एका मित्राला लिहिले. १३७३ मध्ये फ्लॉरेन्सच्या चर्चमध्ये त्याने सामान्यांपुढे दान्तेवर व्याख्याने दिली. त्यावर टीका होताच त्याने पश्चात्तापाची सुनीते लिहिली. १३७५ मध्ये चेर्ताल्दोला तो वारला.

पण याच उतारवयात, १३७० च्या सुमारास, त्याने सबंध ‘डेकॅमेरॉन’ पुन्हा एकदा स्वतःच्या हाताने नकलून काढले होते. ती प्रत आज बर्लिनमध्ये आहे.